चौथ्या बाजूचा काठ

दुपारची भांडी विसळून झाली आहेत, मंजिरी आतल्या खोलीत कुशीवर निजली आहे, आणि द्वारका सोप्यात आपल्या जुन्या वाकळेवर 'जरा पाठ टेकते' म्हणून आडवी झाली आहे. पाठ टेकली की तिचा हात आपोआप वाकळेच्या काठाकडे जातो. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनची ही खोड. उशीच्या बाजूला काठ सबंध जाड लागतो. तो जाडपणा चिमटीत धरून चोळत पडलं की झोप येते. नवरा चिडवतो, "पोरांना अंगठा लागतो, आमच्या हिला वाकळ."

आज मात्र झोप उंबऱ्यात येऊन अडली आहे. उशाशी बाळाची नवी गोधडी पडली आहे. तिच्या तीन बाजूंना काठ लागलेत आणि चौथी बाजू तशीच उघडी आहे.

मंजिरी ही द्वारकेच्या थोरल्या जावेची, आक्काची, लेक. आक्का जाऊन दोन वर्षं होत आली. आईच नाही म्हटल्यावर पहिलं बाळंतपण काकूकडे, हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. पोरीनं डोहाळे पुरवून घेतले नाहीत, साडी मागितली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, गोधडीला चारी बाजूंनी आईच्या इरकली लुगड्याचा काठ लाव. बाळ आईच्या आत निजू दे." द्वारकेनं डोळे पुसत हो म्हटलं, आणि तिथंच फसली. लुगडं नेसून नेसून विरलेलं. काळ्या अंगाची जाळी झालेली, तांबडा काठ जागोजागी तुटलेला. धड तेवढं कापून, सांधून तीन बाजू कशाबशा झाल्या. त्यात शेजारची भागीरथी येऊन बोलून गेली, "मेलेल्या बाईचं लुगडं तान्ह्या जिवाच्या अंगाला! तिलाच नको असंल, म्हणून पुरलं न्हाई."

तेव्हापासून द्वारकेच्या हातातली सुई चालेना. बाजारातून वेगवेगळ्या काठांचे तुकडे आणलेत, ते गोधडीवर मांडून बघते आणि परत घडी घालून ठेवते. पोर आज-उद्याला आली आहे. आक्काला हे चालेल की नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं. चिमटीतला काठ हळूहळू सैल होतो.

"ह्यो कसला गं, जांभळा?" कुणीतरी विचारतं. "बाळ निजवायचंय का गणपतीचं मखर सजवायचंय?"

द्वारका मान वर करते. आक्का गोधडीच्या पलीकडे बसली आहे, नेहमीच्या जागी, एक पाय पसरून. दोघी जावा अशाच समोरासमोर बसायच्या आणि दोन्हीकडून शिवत शिवत मध्यावर यायच्या. चष्म्याची काडी आक्कानं दोऱ्यानं बांधली आहे. तो चष्मा कपाटात आहे हे द्वारकेला ठाऊक आहे, पण आत्ता ते आठवून काही बिघडत नाही.

"आक्का! कवा आलासा?"

"बघवंना म्हणून आले. काय टाकं हे! बैल मुतत गेल्यागत. इतकी वर्सं माझ्यासमोर बसून काय शिकलीस गं तू?"

"तुमच्या शिव्या खायला."

आक्का खूश होते. तिला उलटं बोलणारी जाऊ आवडते, हे तिनं जिवंतपणी कधी कबूल केलं नाही. ती बाजारचे तुकडे एकेक करून उचलते. हिरवा डोळ्यात खुपतो म्हणते. फुलाफुलांचा तर बघतच नाही. पिवळा दातात धरून ओढते आणि बाजूला टाकते. "एका धुण्यात रडंल ह्यो. बाळ पिवळं झालं म्हणून तू दवाखान्यात पळशील."

"मग लावू तरी काय?"

"दुकानात चल."

सोप्याची कड हीच दुकानाची गादी असते. कुणीतरी वरून तागे टाकत आहे, ताग्यावर तागा उलगडतो आहे, कापड संपत नाही आणि त्याला काठही येत नाही. द्वारका दोन्ही हातांनी कापड ओढते, काठ शोधते. कापड गार लागतं, मग ओलं, मग ती हिरण्यकेशी नदीत गुडघाभर पाण्यात उभी असते. घटस्थापनेच्या आधीचे दिवस. साऱ्या गावाच्या वाकळा धुवायला निघाल्या आहेत, काठावरच्या खडकांवर रंगीबेरंगी वाळत पडल्या आहेत. एक भिजलेली जड वाकळ दोघींच्या हातात आहे. एक टोक आक्काकडं, एक हिच्याकडं. दोघी उलट्या दिशांनी पीळ देतात आणि मधून पाणी गळतं.

इथं विचारायला बरं, असं द्वारकेला वाटतं. पाण्याच्या आवाजात कमी लाज वाटते.

"आक्का, तुमच्या लुगड्याचा काठ पुरला न्हाई. तुमाला नको हाय का? बाळाच्या अंगाला तुमचं काई लागू नये, असं हाय का?"

आक्का एवढी हसते की तिच्या हातचा पीळ सुटतो. "आज्जीचा हात लागल्यावर बाळाला काय हुतंय गं? मी असते तर घेतलंच असतं की त्याला! आता हात न्हाईत, तर काठ घेतील." मग ती हसायची थांबते. "भागीरथीचं ऐकून माझ्या पोरीची गोधडी अडवलीस व्हय?"

"मग पुरला का न्हाई?"

"उंदरानं खाल्ला न्हवं. आठवतंय न्हवं?"

द्वारकेला आठवतं. ती या घरात नवी होती तेव्हाच त्या लुगड्याचा एका टोकाचा काठ गेला होता. आक्कानं घरभर उंदराच्या नावानं बोटं मोडली होती. सासूबाईंनी सापळा लावला, त्यात एक उंदीर सापडलादेखील, आणि त्याला बिचाऱ्याला शिक्षाही झाली.

"आठवतंय."

"उंदराला दात असत्यात, द्वारके. कात्री नसती."

नदी आता चुलीपुढं आली आहे. वाकळ तीच, पण कोरडी, आणि अर्धीच शिवलेली. आक्का तरणी दिसते. आतल्या खोलीत सासूबाई खोकतात तशी ती हातातली कात्री पदराखाली घेते.

"तू नवी आलीस तवा पदर तोंडात कोंबून रडायचीस. मला ऐकू यायचं. तुला आई न्हवती. दिवाळीला, पंचमीला न्यायला कोण येणार?" आक्का बोलता बोलता शिवते आहे, तिळाएवढे टाके. "हे लुगडं माझ्या आईनं नेसवलेलं. म्हटलं, थोडी आई हिला बी देऊया. पर नव्या लुगड्याला कात्री लावलेली म्हाताऱ्या बाईनं बघितली असती, तर मला ह्याच वाकळंत गुंडाळून म्हायेरी धाडलं असतं. म्हणून तुझ्या वाकळंत आत काठ घातला आणि वरनं साधी पट्टी मारली."

"मला का सांगितलं न्हाईसा?"

"सांगितलं असतं तर परत दिलं असतंस. ठाव हाय तुझा सोभाव."

द्वारकेला खूप काही बोलायचं आहे. आजारपणात तुमच्या उशाशी बसले होते, पण धड एक गोडीचं बोलणं झालं नाही, औषध घेतलं का नि लघवीला जायचं का, एवढंच बोललो, असं सांगायचं आहे. तोंडून निघतं ते भलतंच. "आक्का, जाऊ नगासा. अजून मध्यावर आलो न्हाई आपण."

"माझी बाजू झाली." आक्का दोरा दातानं तोडते आणि त्याचं टोक हिच्या बोटात देते. "धर. वढ आता."

द्वारका ओढते.

डोळे उघडतात तेव्हा उन्हं सोप्यात आली आहेत. गाल ओला आहे, तोंड कोरडं. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला जुना, मळकट दोरा दोन-चार वेढे बसून आवळला आहे, बोटाचं टोक लाल झालं आहे. वाकळेचा काठ उशीजवळ हातभर उसवला आहे. इतकी वर्षं चोळलेला दोरा, कधी ना कधी सुटणारच होता. ती उठून बसते, पट्टी बोटानं वर उचलते. आत तांबडा काठ आहे. दरवर्षीच्या धुण्यानं मऊ झालेला, पण उन्हाला तोंड न दाखवलेला, कालच विकत आणल्यासारखा.

"काकू, कुणाशी बोलत होतीस?" मंजिरी कमरेवर हात देऊन दारात उभी आहे.

"तुझ्या आईशी. भांडत हुते. ये, बस हितं."

दोघी मिळून काठ उसवतात. मंजिरी एकेक टाका सुईच्या टोकानं उचलते, तोडायला तिचा जीव होत नाही. टाके आईचे आहेत, हे तिला सांगावं लागत नाही. द्वारका तिला उंदराची गोष्ट सांगते, आणि मंजिरी पोट धरून हसते, मग तशीच रडते. चौथ्या बाजूला काठ लावून बघतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचतो आणि वर वीतभर उरतो.

"पण तुझी वाकळ, काकू? तू कशाला धरून झोपणार?"

द्वारका रिकामी झालेली पट्टी चिमटीत धरून बघते. मंजिरीच उरलेला तुकडा कापते, वाकळेच्या उशीकडच्या जागी ठेवते, आणि वर जुनी पट्टी ओढून घेते. "आधी हे शीव," ती म्हणते. "बाळ थांबेल तेवढं."

द्वारका सुईत दोरा ओवते. आधी वाकळ होते, मग गोधडीची चौथी बाजू. टाके नेहमीसारखेच पडतात, वेडेवाकडे. समोरची जागा रिकामी आहे, तिकडं एकदा बघून ती म्हणते, "हसा, आक्का. हसून घ्या," आणि पुढचा टाका घालते.