अनसूयेचा मुऱ्हाळी

माझे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, खुशालराव देशमुख वाईट माणूस होते असं कोणी म्हणालं, तर मी आजही भांडेन. चांदूर बाजारला काळ्या जमिनीचे धनी. दारावरून कोणाला उपाशी जाऊ द्यायचे नाहीत. पण बुद्धिबळाच्या पटापुढे बसले की तो माणूस घरादाराला मेला म्हणून समजा. आणि तो सागवानी पट अचलपूरच्या बाजारातून मीच आणून दिला होता, त्यांच्या पहिल्या दिवाळसणाला, हौसेनं. करंटेपणा माझा, दुसऱ्या कोणाचा?

सुरुवातीला खरंच हौस होती. लेक अनसूया चार-पाच वर्षांची, तिला मांडीवर घेऊन घोड्याची अडीच घरं शिकवायचे. पुढं हौस गेली आणि नाद लागला. शेतात वेचणीच्या बाया खोळंबल्या, तरी डाव मोडायचा नाही. बापाच्या श्राद्धाला ब्राह्मण पानावर बसलेले आणि यजमान ओसरीत शह देतोय! माझी बहीण गोदाबाई बोलून बोलून थकली. त्यातही वेड प्याद्यानं मात करायचं. वजिरानं मात केली तर आमच्याकडं कौतुक नाही. प्याद्यानं केली तर जिंकणारा मिशीला पीळ देतो आणि हरणाऱ्याची चार गावांत नाचक्की होते.

एकोणीसशे सत्तावीस साली, कपाशी घरात आल्यावर, अनसूयेचं लग्न अकोल्याच्या भगवंतरावांच्या मुलाशी झालं. भगवंतरावही खेळणारे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जानोशात, म्हणजे वरपक्षाच्या बिऱ्हाडी, दोन्हीकडची मंडळी भोवती बसली आणि डाव मांडला. अहो, मुलाचा बाप म्हणजे मानाचा! त्याच्या पानात लाडू मनासारखा पडला नाही, तरी मुलीच्या बापानं पागोटं काढायचं, ही आपली रीत. आणि यांनी काय केलं? व्याह्यावर भर मंडळीत प्याद्यानं मात केली, वर मांडी थोपटली. भगवंतराव न जेवता उठले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला खुशालराव लेकीला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून गेले, तर व्याही म्हणाले, आधी एक डाव खेळा. तुम्ही हरलात की सून पाठवतो, जिंकलात तर नाही. गेलेला मान तेवढा परत मागत होते. खुशालराव एकटेच घरी आले. जिंकून! गोदाबाईनं लेकीसाठी भिजवलेलं उटणं तसंच वाळून गेलं.

पुढच्या वर्षी अनसूयेला दिवस राहिले. पोर अंगानं नाजूक, सासरी सासू नव्हती, घरात बाळंतपण निभावणारं एक बाईमाणूस नव्हतं. माहेरी आणणं भागच होतं. सातव्या महिन्यात गोदाबाईनं नवऱ्याला देवापुढं उभं केलं आणि लेकीची शपथ घालून सांगितलं, हरून या. सोबत मला धाडलं. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत गाडीत ते एकच घोकत होते, हरायला काय अक्कल लागते.

अकोल्यात बैठकीत पट मांडला. आतल्या दाराशी अनसूया उभी होती, गाठोडं बांधून. खुशालरावांनी घोडा दिला, एक हत्ती दिला, वजीरही घालवला. भगवंतरावांचा चेहरा खुलला. त्यांनी गड्याला स्टेशनासाठी दमणी जुंपायला सांगितलं. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या आणि माझ्या जिवात जीव आला.

मग खुशीच्या भरात भगवंतरावांनी आपला राजा कोपऱ्यात नेला. खुशालराव एकदम थांबले. त्यांचं एक प्यादं त्या राजाच्या जवळच होतं. एकच घर पुढं सरकलं की मात. मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी दाराकडं पाहिलं, लेकीला पाहिलं, डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच त्यांनी प्यादं पुढं सरकवलं.

भगवंतराव उठले. गड्याला बैल सोडायला सांगून निघून गेले. तेव्हा अनसूया कधी नव्हे ती बैठकीत आली. पटाकडं पाहत म्हणाली,

"ते प्यादं मले बी दिसलं होतं, बाबा. मले वाटलं, तुमी सोडसान."

मग जड अंगानं वाकून त्यांच्या पाया पडली आणि गाठोडं घेऊन आत गेली.

दोन महिन्यांनी तार आली. बाळंतपणात अडली, आई आणि बाळ, दोघंही गेली. तो पट चुलीत घालावा असा संताप मला आला, पण बहिणीकडं पाहून हात आवरला.

आता तरी पट सुटेल असं वाटलं होतं. पण जित्याची खोड! तेरावं झालं आणि त्यांनी पट काढला. दुसऱ्या कोणाशी मात्र खेळेनात. रोज तोच अकोल्याचा डाव, दोन्हीकडून एकटेच. गोदाबाई त्या खोलीत पाऊल टाकीना.

एकदा मी गेलो, तर मला धरून बसवलं. डाव तिथवर आणला आणि हळूच विचारलं,

"उत्तमराव, खरं सांगजा. इथून मले हारता येत होतं काय?"

"येत होतं," मी म्हणालो. "दुसरं कोणतंबी मोहरं हालवलं असतं, तर पोरगी घरी आली असती."

कडू बोललो, पण खोटं सांगायचं तरी कशाला? त्यांनी मान डोलावली. हात उरलेल्या हत्तीकडं नेला, त्याच्या डोक्यावर बोटं ठेवली. मग हात मागं घेतला आणि तेच प्यादं पुढं सरकवलं.