चुरगाळलेलं अंथरूण

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या लोकर गिरणीतला हॉरेस आणि त्याचा नावापुरता भाडेकरू एडगर वीसेक वर्षं एकाच पलंगावर झोपले. कुणाला कळलं असतं तर कायद्याने तुरुंगच. म्हणून घर झाडायला येणाऱ्या बाईला एडगर वेगळा झोपतो असं वाटावं, यासाठी हॉरेस रोज दुसऱ्या खोलीतलं रिकामं अंथरूण चुरगाळून ठेवायचा. एकोणीसशे सदुसष्टमध्ये तो मेला कायदा बदलला, पण हाताची सवय सुटली नाही.

पुढे एडगर वारला. त्याची बहीण विनी थेट त्या दुसऱ्या खोलीत शिरली.

“जन्मभर अंथरूण आवरलं नाही मेल्याने!” म्हणत तिने तिथली उशी कवटाळली. “अजून त्याचा वास येतोय रे. नेऊ ही?”

हॉरेस गोंधळला. आता पकडणारं कुणी नव्हतं. सांगावं? पण मग हिच्या हाती काय उरणार?

“ने की,” तो म्हणाला.

ती गेल्यावर तो आपल्या पलंगापाशी आला. तिथे दोन उशा होत्या. कुठल्या उशीवर डोकं टेकावं, हेच त्याला कळेना.