बसऱ्याच्या पाकातली कोंबडी

चहा संपायच्या आत सांगून टाकतो, कारण ही फजिती ऐकताना तोंडात घास नसलेला बरा. गोष्ट माझ्या लग्नाची आहे. लोकांची लग्नं पत्रिकेवरून जुळतात, जमिनीवरून जुळतात. माझं लग्न एका कोंबडीनं जुळवलं. आणि वाईट याचं वाटतं, की ती कोंबडी मीच रांधली होती.

लढाईच्या वर्षांत मी बसऱ्याला होतो. गावात सगळ्यांना वाटायचं, गडी तिकडं तोफा डागतोय. कसल्या तोफा! मी लांगरी होतो, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. दोनशे माणसांची डाळ, दोनशे माणसांच्या रोट्या, आणि महिन्यातून कधीतरी कोंबडी. या कोंबड्या आम्हाला जासिम नावाचा एक म्हातारा अरब आणून द्यायचा. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची येत नव्हती, त्यामुळं आमचं कधी भांडण झालं नाही.

बसऱ्यात आपल्याकडच्या उसासारखा खजूर. तो शिजवून, पिळून त्याचा दाट काळा पाक करतात. दिबीस म्हणतात त्याला. सकाळी तिळाच्या वाटणात कालवून रोटीबरोबर खायचा, वांग्याच्या तळलेल्या फोडींवर सोडायचा आणि कोंबडीतसुद्धा घालायचा. कोंबडीत गोड? मीही असंच तोंड केलं होतं. पण जासिमनं एकदा आमच्याच चुलीवर करून दाखवली. कांदा खरपूस परतला, मिरी घातली, वाळलेलं लिंबू ठेचून टाकलं. कोंबडी शिजल्यावर त्यानं मला एक बोट दाखवलं आणि मग तेच बोट जमिनीकडं केलं. एक पळी, आणि तीही भांडं खाली उतरवल्यावर. खरं सांगतो, गोड लागतच नव्हती. आंबट आणि तिखट पुढं चालले आहेत, आणि मागून कुणीतरी हळूच येऊन खांद्यावर हात ठेवतंय, अशी ती चव होती.

पलटण सुटली तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं आणली, घोंगड्या आणल्या. मी दिबीसचा डबा आणला.

आमचं गाव फलटणच्या अंगाला, कालव्याखाली. वडील मी लहान असतानाच गेले. घर आईनं आणि माझ्या मामानं सांभाळलं. मी आलो तसा मामा माझ्या लग्नाच्या मागं लागला, आणि कवठे महांकाळकडची एक मुलगी बघायला आम्ही गेलो. तिकडं पाण्याची सगळी टंचाई. माणसं ज्वारी पेरतात, शेरडं राखतात आणि आभाळाकडं बघतात. मुलगी पाणी घेऊन आली. मामानं तिला विचारलं, काय विचारायचंय का मुलाला? बाकीच्या मुली अशा वेळी पायाच्या अंगठ्याकडं बघतात. हिनं सरळ माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बसऱ्यात प्यायला पानी कुठलं?"

लढाई संपून महिने झाले होते. साहेब कसा होता, विमान बघितलं का, सगळं विचारून झालं होतं लोकांचं. पाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, नदीचं. ती म्हणाली, मग बरं हाय. झालं, मी तिथंच तिच्यावर भाळलो.

पण तिचे वडील लगेच हो म्हणाले नाहीत. तासगावकडचा एक शाळामास्तरही त्यांच्याकडं येऊन गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, की घर बघायला येतो. आणि इथं माझ्या जिभेनं पहिली चूक केली. मी म्हणालो, या, तुम्हाला बसऱ्याची कोंबडी करून घालतो. मामानं त्यात भर घातली. साहेब लोक याच्या हातच्या कोंबडीसाठी रांग लावायचे, असं त्यानं ठोकून दिलं. साहेब माझ्या हातचं पाणीसुद्धा कधी प्याले नव्हते.

पाहुणे यायचा दिवस ठरला. थंडीचे दिवस होते, आमची गुऱ्हाळाची पाळी चालू होती. आई घरच्या चुलीवर मटण-कोंबडी करू द्यायची नाही, म्हणून गुऱ्हाळावरच तीन दगड मांडून स्वयंपाक करायचं ठरलं. कोंबडी कापली, कांदा चिरला, आणि मी डबा आणायला घरी गेलो. डबा फळीवर होता. उचलला तर हाताला हलका लागला. आत बघितलं तर लख्ख. जिभेनं चाटल्यासारखा.

मी आईला विचारलं. ती शेण थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काळं, चिकाट, गॉड. काकवीच हुती की रं ती. म्हस व्याली तवा घातली तिला आठ दिस."

आता आईला काय बोलणार? उसाच्या मुलखात व्यालेल्या म्हशीला काकवी घालतातच. मी सात समुद्र ओलांडून, दोन वेळा आगगाडी बदलून, डबा मांडीवर घेऊन आलो होतो, तो म्हशीसाठी. ते दिबीस म्हशीला मानवलं म्हणे. आई म्हणाली, या खेपेला दूध लय दाट हाय.

पाहुणे तोवर लोणंदला उतरून मोटारीनं निघाले असणार. मी डोकं लावलं. आईला जर फरक कळला नाही, तर पाहुण्यांना कसा कळेल? गुऱ्हाळावर काकवीला काय तोटा? मी डबा भरून काकवी घेतली आणि कुणाला काही न सांगता चुलीशी जाऊन बसलो.

पाहुणे आले. मुलीचे वडील एकटेच होते. उंच, वाळके, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं अगदी मोजकं. मामानं त्यांना रस पाजला, ऊस दाखवला, बैल दाखवले. मी कांदा परतला, कोंबडी घातली, मिरी घातली. वाळलेलं लिंबू नव्हतं, चिंच घातली. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मामानं हाक मारली, की पाहुण्यांना लढाईचं ऐकायचंय. आता उठून गेल्यावर स्वयंपाक बघणार कोण? म्हटलं, काकवी आत्ताच घालून ठेवावी, शिजेल सावकाश. आणि काकवी पातळ, दिबीस दाट, तेव्हा पळीभरानं काय होणार? माझा हात दोनशे माणसांचा. मी डबाच उपडा केला. शिवाय जाताना जाळ कमी पडू नये म्हणून गुऱ्हाळाच्या चुलाणातले फावडंभर निखारे आणून दगडांमध्ये सारले.

जासिमचं बोट तेव्हा कुठं गेलं होतं कोण जाणे.

पाहुण्यांना मी लढाई सांगितली. मी लांगरी होतो हेही सरळ सांगितलं, खोटं बोललो नाही. पण मामा मध्येच डोळे मिचकावून म्हणायचा, सगळं बाहेर सांगायचं नसतं पावणं, मिलिटरीचं असतंय. पाहुणे मान हलवायचे. असा तास गेला असेल.

परत आलो तर भांड्यापाशी आमचा गुळव्या रामूतात्या उकिडवा बसलेला. गुळव्या म्हणजे गूळ कधी झाला हे ओळखणारा माणूस. त्याच्या शब्दाशिवाय आमच्या भागात काहिल चुलाणावरून उतरत नाही. त्यानं माझ्या कोंबडीचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकला, बोटांनी चोळला, आणि मोठ्या गंभीरपणानं मला सांगितलं, "गोळी धरली गड्या. उतरव आता, न्हाईतर करपल."

मी आत बघितलं. रस्सा नव्हताच. लालसर सोनेरी पाकात तंगड्या रटारटा उकळत होत्या. बापजाद्यांपासून गूळ करणाऱ्या घरातला मी, काकवी आटवली की तिचा गूळ होतो हे मला ठाऊक नसावं?

पण करतो काय? पाहुणे पत्रावळीवर येऊन बसले होते. रामूतात्या मात्र भांड्याकडं कौतुकानं बघत होता. रंग चांगला आलाय म्हणाला. मी गरम गरम वाढलं आणि देवाचं नाव घेतलं. गरम होती तोवर कोंबडी निदान कोंबडीसारखी दिसत होती. पण मामा पडला बोलका. त्यानं आमच्या कालव्याची हकीकत काढली, पाटाला पाणी कधी येतं, पाळ्या कशा लागतात. कोरडवाहू माणसाला पाण्याची गोष्ट सांगितल्यावर तो जेवतो का? पाहुणे हात आवरून ऐकत राहिले. वर थंडीची हवा.

मग त्यांनी तंगडी उचलली. तंगडीबरोबर पत्रावळ वर आली.

त्यांनी पत्रावळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सोयरीक जोडायला आलेला माणूस पानात टाकत नाही. त्यांनी डाव्या हातानं पत्रावळ सोलून काढली आणि तंगडीला दाढेखाली धरलं. कडकन आवाज झाला. त्यानंतर आवाज बंद. वरचे दात खालच्या दातांना चिकटले ते चिकटलेच. पाहुणे नाकानं श्वास घेत समोर बघत राहिले.

मामानंही नुकताच घास घेतला होता, पण त्यानं लहान तुकडा घेतलेला, तो गालात सारून त्यानं विचारलं, "मग पावणं, घर पसंत हाय न्हवं?"

पाहुण्यांनी जबडा सोडवायला मान जोरात खालीवर केली.

मामाचा चेहरा उजळला. त्यानं विचारलं, "पोरगी दिली म्हनायची?"

मान पुन्हा दोनदा खालीवर. डोळ्यांत पाणी आलेलं. मामाला वाटलं, मुलीच्या बापाचं काळीज भरून आलं. त्यालाही गहिवरून आलं. तो उठला, काहिलीजवळचा ताजा गूळ ओंजळभर आणला आणि गुऱ्हाळावरच्या सगळ्या माणसांना वाटत सुटला, लगीन ठरलं म्हणून. मी जागच्या जागी बसलेला. मला काय चाललंय ते कळत होतं, पण सांगायचं कसं? सांगावं तर लग्न मोडतं, आणि न सांगावं तर एका सभ्य माणसाला कोंबडीनं तोंड बांधून फसवल्याचं पाप. शेवटी मी पाण्याचा तांब्या घेतला आणि त्यांच्याजवळ गेलो.

तेवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी तंगडी धरून जोरात हिसडा दिला. तंगडी बाहेर आली. तिच्यात एक दाढ रुतून बसली होती.

रामूतात्यानं काहिलीतला गूळ ढवळायचं थांबवलं. मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. डबा, म्हस, काकवी, निखारे, सगळं. म्हणालो, तुम्ही होय म्हणाला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही मोकळे आहात. तासगावचा मास्तर माझ्यापेक्षा बरा, निदान त्याला कोंबडी तरी येत नसेल.

पाहुण्यांनी चूळ भरली. जीभ तोंडात फिरवून बघितली. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या. मला वाटलं, आता शिव्या. पण तो माणूस हसत होता.

"दिवाळीपास्नं ठणकत हुती ती," ते म्हणाले. "दोन वैदू झालं, मिरजंला जाऊन आलू, कुनाला निघंना. आज लय दिसांनी डोस्कं हलकं वाटतंय." मग तंगडीतली दाढ निरखत ते मामाला म्हणाले, "गूळ वाटलाय तो वाटलाय. परत कशाला गोळा करताय? पोरगी दिली."

असं माझं लग्न ठरलं. पुढं बायको मला म्हणाली, की त्या मास्तरला तिच्या वडिलांनी आधीच नाही म्हणून कळवलं होतं, कारण पाण्याचं उत्तर मी नीट दिलं असं तिनं घरी सांगितलं होतं. म्हणजे मी नुसतं पिठलं-भाकरी वाढली असती तरी चाललं असतं.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो. बायको वाटेत सांगत होती, जावई येणार म्हणून बाबांनी तुमची ओळख गावात जरा नीट करून दिलीय. मोटारीतून उतरून वाड्याच्या कट्ट्याकडं बघितलं तर सातआठ माणसं ओळीनं बसलेली. मला वाटलं, वा, काय मान आहे! जवळ गेलो तर एकेकाच्या गालाला फडकं बांधलेलं. सासरे पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मंडळींना म्हणाले, "हे आमचं जावई. लांगरी हुतो म्हनून सांगत्यात, पर ते मिलिटरीचं गुपित हाय. दाताचं डाक्टर हैत."