मामासाहेबांनी घातलेल्या कुरडया

आमच्या नितीनचं लग्न जमत आलं होतं, तेव्हा मुलीचे मामा आमचं घर बघायला आले आणि मी त्यांना भर उन्हात गच्चीवर बसवून कुरडया घालायला लावल्या. मामींना खाली चुलीपाशी चीक ढवळायला बसवलं होतं. (त्या सुटल्या असा कुणाचा गैरसमज नको, म्हणून सांगितलं.)

आमचे हे म्हणतात, तुझं वय झालं. मी म्हणते, मोबाईलमुळे झालं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि अख्ख्या माले गावात माझ्या कामाच्या उरकाचं कौतुक होतं. तव्यावर भाकरी, मांडीवर नितीन, समोर तपासायचे पेपर आणि पलीकडच्या घरातून एखादा पाढा चुकीचा ऐकू आला तर इथूनच, "सात सक्कं बेचाळीस रे!" आणि हे सगळं करताना भाकरी कधी करपली नाही. आमचे हे बरोबर उलट. भात लावताना ते फक्त भात लावणार आणि चहा पिताना फक्त चहा पिणार. मध्येच काही विचारलं, तर कप खाली ठेवून, मिशा पुसून, "हां, आता बोल. काय म्हनत व्हतीस?" यावरून मी त्यांना जन्मभर छळलंय.

साठी उलटल्यावर माझ्यात फरक पडला तो एवढाच. पूर्वी माझी पाच कामं एकदम व्हायची. आता पाच कामं एकदम सुरू होतात.

त्या रविवारी दोनच मोठी कामं होती. कुरडयांचे गहू भिजवून, वाटून तयार होते आणि चीक त्याच दिवशी शिजवायला हवा होता, नाहीतर आंबून वाया गेला असता. दुसरं म्हणजे मुलीचे मामा-मामी मुठ्याहून येणार होते. हे मात्र फार नाजूक प्रकरण होतं. नितीन हिंजवडीला कंपनीत नोकरीला, स्वभावाने गरीब, पण तीन-चार ठिकाणांहून नकार आले होते. सगळ्यांना पुण्यात फ्लॅट हवा. माले म्हटलं की पोरी पत्रिकाच परत करायच्या! या प्राजक्ताला मात्र गाव चालत होतं, आणि मुख्य म्हणजे नितीनला ती मनापासून आवडली होती. बारा महिने मख्ख चेहऱ्याने वावरणारा माझा मुलगा अंघोळ करताना गाणं म्हणायला लागला होता. आता फक्त मामांनी घर बघून होकार द्यायचा होता, कारण त्यांच्याकडे मामांचा शब्द शेवटचा.

"येवढं लगीन जमू दे," हे आदल्या दिवशी म्हणाले, "आन् कुरडया ऱ्हाऊ दे यंदा."

"अहो, सकाळी कुरडया, दुपारी पाहुणे. त्यात काय आहे एवढं?"

"येका टायमाला येक काम करावं मानसानं."

"तुम्ही करा," मी म्हटलं. "मला जमतं."

आणि मी फोन हातात घेतले. हो, दोन! एक माझा, एक यांचा. एकावर शेजारच्या हौसाबाई, दुसऱ्यावर प्राजक्ताची आई. हौसाबाईंच्या मुठ्याच्या भाचेसुनेला आणि तिच्या नवऱ्याला कुरडयांच्या मदतीला बोलावायचं होतं. त्या दोघांना मी कधी पाहिलं नव्हतं. मामा-मामींनाही नव्हतं पाहिलं. एका हाताने चिकावरचं पाणी ओतत, दोन्ही खांद्यांत एकेक फोन धरून मी दोघींशी बोलले. एकीला सांगितलं, "सकाळी लवकर या हो, ऊन चढायच्या आत. साधे कपडे घाला." दुसरीला सांगितलं, "दुपारी चहाला या, निवांत गप्पा मारू." दोघीही "बरं" म्हणाल्या. मी खूश झाले.

सकाळी नितीनला पेढे आणायला पौडला पाठवलं. यांना इस्त्रीचे कपडे आणायला त्याच्याच गाडीवर बसवलं. टाकी भरायला मोटार लावली. अंगणातल्या चुलीवर चीक चढवला, घरात गॅसवर शिऱ्यासाठी दूध ठेवलं. इतक्यात फाटकात एक जोडपं आलं. साधे कपडे. गृहस्थ जरा वयस्कर वाटले, पण हौसाबाईंच्या नात्यात वयाचा हिशोब कुणी लावायचा!

"आमी मुठ्यावरनं..." गृहस्थ म्हणाले.

"माहितीय, माहितीय! किती उशीर? चपला तिकडे काढा. हात धुवा आधी."

"न्हाई, म्हंजी आमी..."

"चहा नंतर! चीक गार झाला तर साच्यातून पडायचा नाही. बाई, तुम्ही हे लाटणं धरा आणि ढवळत राहा, हात थांबवू नका. तुम्ही हा साचा घ्या, वर कागद अंथरलाय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. (मामींनी पुढे सांगितलं, की त्यांना वाटलं, मालेकडच्या लोकांची पाहुणे पारखायची ही काहीतरी रीत असेल. नाही म्हणावं तर भाचीचं लग्न मोडायचं!) मामांनी मुकाट्याने पँट दुमडली आणि चिकाचं पातेलं घेऊन जिना चढले.

मी वर गेले तर त्यांची पहिली कुरडई लांबलचक पडली होती.

"गोल, गोल! हात फिरवा की. घरी कधी केल्या नाहीत वाटतं?"

"न्हाई वो. मी सोसायटीचा चेरमन हाय."

"असाल. पण गोल घाला."

तेवढ्यात खालून दुधाचा वास आला. मी धावले. दूध निम्मं ओट्यावर गेलं होतं. ते पुसताना नितीनचा फोन आला, "आई, पेढे कंदी आणू की केशरी?" मी विचार करत होते, तर गच्चीवरून हाक आली, "आवो बाई! पानी! टाकी भरली! मोटार बंद करा!"

मी मोटारीच्या बटणाकडे पळाले. मध्ये नितीन फोनवर, "आई, कंदी?" बटणांसमोर पोहोचले आणि थांबले. मी इथे कशाला आले? डोकं अगदी कोरं. काहीतरी दाबायचं होतं एवढं आठवत होतं, म्हणून व्हरांड्याचा दिवा लावला, समाधानाने "केशरी आण" म्हटलं आणि परत दूध पुसायला गेले.

"बाई, मोटार!" वरून आवाज आता रडवेला झाला होता.

अखेर मामींनीच चुलीपुढून उठून मोटार बंद केली. त्यासाठी त्यांनी ढवळणं सोडलं, तेवढ्यात चीक बुडाला लागला. मी वर गेले, तर मामा घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. पाणी जाण्याच्या भोकात त्यांनीच घातलेल्या कुरडया अडकून बसल्या होत्या, आणि उरलेल्या कुरडयांचा कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते म्हणत होते, "येवढ्या वाचवल्या बघा!" त्यांच्या शर्टावरून चीक ओघळत होता.

आणि फाटक वाजलं. नितीन आणि हे परत आले होते. यांनी वर पाहिलं. हातातले इस्त्रीचे कपडे खाली पडले.

"आरं देवा! चेरमनसाहेब! तुमी वर काय करताय?"

"कुरडया," मामा म्हणाले.

"आगं, ह्ये मामा हायेत! प्राजक्ताचं मामा! सोसायटीत मीच भेटलोय न्हवं का त्यास्नी!"

नितीनकडे बघवेना. पेढ्यांचा पुडा छातीशी धरून तो खाली उभा होता, आणि चेहरा पुन्हा पूर्वीसारखा मख्ख झाला होता. आपल्या उरकाच्या नादात आपण पोराचं लग्न मोडलं, या विचाराने मला तिथेच रडू फुटलं. पाण्यात उभी राहून मी हात जोडले.

यांनी मात्र हातातली सगळी कामं सोडून (एकही नव्हतं म्हणा) मामांना खाली आणलं, स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला, खुर्चीवर बसवलं. शेवटी मामींनी बुडाला न लागलेला वरचा चीक वाटीत काढला, दूध-साखर घालून चाखला आणि मामांच्या हातात दिला.

मामांनी वाटी संपवली. मग म्हणाले, "घरबिर काय बघायचं ऱ्हायलं न्हाई आता. चूल बघितली, गच्ची बघितली, टाकी तर लई जवळनं बघितली." ते हसायला लागले. "आमाला वाटलं व्हतं, पोरगी कामाला लागंल. हितं आदी मामाच लागला!"

मामी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "सासूनं हुकूम सोडायचा आन् इसरून जायाचं. आमची प्राजू सुखात ऱ्हाईल की वो! आमचा व्हकार हाय."

नितीनने तो अख्खा पुडा मामांच्या पुढ्यात उघडला आणि मग स्वतःच दोन पेढे एकदम खाल्ले. मी पुन्हा रडले, आता वेगळ्या कारणाने.

दुपारी हौसाबाई आल्या. जरीचं लुगडं, नाकात नथ, बरोबर भाचेसून आणि तिचा नवरा, अत्तर लावून! सोफ्यावर टेकून म्हणाल्या, "बाई, कुरडयाला चहाच्या टायमाला बोलावलं तवाच म्या म्हनलं, मास्तरीनबाईंची कायतरी नवी पद्धत असंल." त्यांना शिरा दिला. त्यात साखर घालायची राहून गेली होती.

लग्न ठरवताना मामींनी एकच अट घातली. "वरमाईला काम द्येयाचं न्हाई. येक बी न्हाई. त्यांनी निस्तं येऊन बसायचं." आमचे हे लगेच कबूल झाले, कधी नव्हे ते मीही झाले. आणि लग्नाच्या दिवशी मी शब्द पाळला हो! नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. फोन नाही, पिशवी नाही, कुणाला हाक नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका वेळी एकच काम, तेही जीव लावून केलं. मंगलाष्टकं झाली, मी भरल्या डोळ्यांनी अक्षता टाकल्या, अंतरपाट खाली आला आणि मग दिसलं, नवरदेव आमचा नाही. मी शेजारच्या लॉन्सवर बसले होते!