अमेरिकेच्या मेयरचा सत्कार

आमच्या ह्यांनी, मुकुंद टिपणीसांनी, लंडनजवळच्या वॉटफर्डला तीस वर्षं बस चालवली. सूट घालून लग्नाला गेले तरी कुणीतरी गोरा ह्यांना वेटर समजून रिकामा ग्लास हातात द्यायचाच. मग हे घरी येऊन दोन दोन दिवस धुमसायचे.

२००६ च्या गणपतीत आमच्या मंडळात अमेरिकेतल्या एका ऐतिहासिक शहराचे मेयर येणार होते. ई-मेलमध्ये ‘मेयर आणि सेक्रेटरी’ एवढंच लिहिलेलं. सत्कार ह्यांच्या हस्ते, कारण हे अध्यक्ष.

दारातून एक उंच गोरा माणूस आणि एक काळी बाई आत आली. ह्यांनी गोऱ्याला शाल पांघरली, नारळ दिला आणि शालीचा रिकामा बॉक्स बाईंच्या हातात दिला.

गोरा लालबुंद झाला. ‘‘सर, मेयर ह्या आहेत. मी सेक्रेटरी.’’

बाई बॉक्स धरूनच हसल्या. ‘‘असू दे. सवय आहे मला.’’

तबक घेऊन मी शेजारीच उभी होते. कुंकवाचं बोट मीही गोऱ्याच्याच कपाळाकडे नेलं होतं.

घरी आल्यावर दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ह्या वेळी चिडायला दुसरं कुणी नव्हतं.