भट्टीच्या मातीवरचा शिक्का

माझ्या नातीचं नाव नगात, ती मास्तरीण आहे. लक्सरहून येताना ती सित्त विनीचं पुस्तक आणते आणि दुपारी मला वाचून दाखवते. सित्त म्हणजे बाईसाहेब; ही विनी आमच्या डोंगरात जुनी थडगी उकरणारी इंग्रज बाई. म्हातारपणी तिने गोष्टी लिहिल्या. प्रत्येक गोष्टीत तिच्यासारखीच एक बाई असते आणि शेवटच्या पानावर ती चोर पकडते. परवाच्या पुस्तकात एका म्हाताऱ्या रईसावर, म्हणजे मजुरांच्या मुकादमावर, चोरीचा आळ येतो. त्याची पुतणी भर कचेरीत उभी राहून खरं काय ते सांगते आणि रईस सुटतो. वाचता वाचता नगातचे डोळे भरून आले. मी उठून आत गेले. ती पुतणी मी आहे, आणि मी बोलले नव्हते.

माझा काका रईस बखीत. दोनशे माणसं त्याच्या हाताखाली माती उपसायची. तोंडाचा असा फटकळ की मजूर विंचवाला भ्यायचे नाहीत तेवढे त्याला भ्यायचे. "अरे हळू! टिकाव मारतोयस की सासऱ्यावर राग काढतोयस? हजारो वर्षं झोपलाय तो आत, जरा बेताने उठव!" आमचा बाप नाईल नदीत बुडाला तेव्हा मी चार वर्षांची होते आणि माझा भाऊ रश्वान सात वर्षांचा. काकाने आम्हाला वाढवलं आणि त्यापायी स्वतः लग्न केलं नाही. उपकार म्हणून त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट "तुमच्यासारखी दोन भुतं घरात असताना कोण बाई येणार?" म्हणायचा.

त्याला लिहिता येत नव्हतं. आमच्याकडे ज्याला अक्षर येत नाही त्याची सही म्हणजे नाव कोरलेला पितळी शिक्का. काकाचा शिक्का गळ्यातल्या दोरीला असायचा, आंघोळीलाही उतरायचा नाही. थडग्याचं दार बंद केलं की फटीवर ओल्या मातीचा गोळा थापून तो त्यावर शिक्का उठवायचा. ती माती स्वतःच्या मुंडाशातून गाळून घ्यायचा. "काडी राहिली की अक्षर फाटतं," म्हणायचा.

त्या वर्षी खोदकाम संपता संपता एका खोलीत सोन्याच्या मण्यांची माळ सापडली. सित्त विनी तापाने फणफणली होती. "रईस, पुढच्या हंगामापर्यंत दार तुमच्यावर," असं सांगून ती कैरोला गेली. काकाने दाराला शिक्का मारला आणि पहाऱ्याला रश्वानला बसवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या लग्नाचा करार होता. सासरे हाजी जाबिर म्हणजे आमच्या घराशी जुनं वैर धरून बसलेला माणूस. त्यांची एकच अट होती, रईसाने स्वतः समोर बसून शिक्का मारायचा. पण ते स्वतःच इस्नाच्या बाजारात अडकले, आणि इकडे पेट्या न्यायला बोट आली म्हणून काका धक्क्यावर अडकला. काझी घाई करू लागला. शेवटी काकाने आयुष्यात पहिल्यांदा दोरी गळ्यातून काढली आणि रश्वानच्या हातावर ठेवली. "लग्न लागलं की परत आण. आणि तोंड बंद ठेव. मी तिथे होतो, समजलं?" काझीने डोळे मिटले, साक्षीदारांनीही मिटले. कागदावर शिक्का उठला आणि मी हाजी जाबिरच्या घरात आले.

रश्वानने शिक्का परत केला तो दुसऱ्या दिवशी.

नोव्हेंबरात दार उघडलं. शिक्का जसाच्या तसा होता, आत माळ नव्हती. शिक्का तर रईसाच्या गळ्यातून उतरतच नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकाला पाटलाच्या कोठीत कोंडलं. त्याने एकच वाक्य धरलं होतं. "शिक्का माझ्याजवळच होता." नव्हता म्हणावं तर माझं लग्न खोटं ठरणार, आणि मला तेव्हा सातवा महिना होता. होता म्हणावं तर तो चोर. आणि तिसरीकडे रश्वान.

एका सकाळी सित्त विनी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. बायकांच्या भागात कुठला फौजदार येऊ शकत नाही, पण ती येऊ शकत होती. सासरे पडद्यापलीकडे हुक्का ओढत बसले होते. हुक्क्याची गुडगुड थांबलेली मला ऐकू आली.

तिने चहा घेतला, आंबवून उन्हात फुगत ठेवलेल्या भाकरींचं कौतुक केलं आणि रुमालातून वाळलेल्या मातीचा एक गोळा काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर काकाचं नाव होतं.

"वहीबा, तू भाकरीच्या भट्ट्या छान बांधतेस असं ऐकलं. ही माती कसली गं?"

मी बघितलं. मातीत भुसा होता, आणि खापराचा लाल चुरा. भट्टी तडकू नये म्हणून तो चुरा माझी आई घालायची, आणि ती गेल्यावर मी. आमच्या उभ्या कुर्ना गावात दुसरं कुणी घालत नाही. लग्नाच्या भाकरींची भट्टी बांधायला मी ती माती मळून अंगणात ठेवली होती. थडग्याचं दार पुन्हा लिंपायला रश्वानने घाईत तीच उचलली.

"रईस माती गाळून घेतात, मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "त्यांना विचारलं तर म्हणतात, पोरीला काही विचारू नका. पण मी विचारतेय. तू फक्त एक नाव सांग. संध्याकाळी रईस घरी असतील."

पोटात बाळ फिरलं. पडद्यापलीकडे हाजी जाबिर खाकरले.

"बाईसाहेब," मी मोठ्याने म्हणाले, "असली माती घरोघरी असते."

तिने गोळा रुमालात गुंडाळला आणि निघून गेली. मला भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

काकाने तीन वर्षं दगडाच्या खाणीत काढली. रश्वान अलेक्झांड्रियाला पळाला, त्याचं पुढे काही कळलं नाही. माझ्यासाठी सासरच्या दाराला बाहेरून कडी कधीच नव्हती. तरी त्या तीन वर्षांत मी उंबरा ओलांडला नाही. ओलांडून कुणाला तोंड दाखवणार होते?

सुटल्यावर काका थेट माझ्याकडे आला. पाठ वाकलेली, गळ्यात दोरी नाही. मी त्याच्या पायाशी बसले. त्याने माझ्या मुलाला उचलून घेतलं, त्याचे कान ओढले, "नाक आमच्या घरचं आहे, बिचारा!" म्हणाला. सासरेही हसले.

मी भाकरी काढायला भट्टीपाशी गेले, तसा तोही मागोमाग आला. भट्टीच्या कडेवरून त्याने हात फिरवला आणि नखाने थोडी माती खरवडली. लाल चुरा आणि भुशाची एक काडी त्याच्या तळहातावर पडली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अजून आईसारखीच मळतेस. रश्वानला मी तेव्हाच सांगायला हवं होतं, माती गाळून घे म्हणून."

आणि त्याने भाकरीसाठी हात पुढे केला.