कुठेही बसवा, बोललं पाहिजे

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागला सभेची पत्रकं वाटत होते. त्याची बहीण सुरेखा एवढंच म्हणाली, "दादा गेला गं... झोपेतच." मी पत्रकं वाटतच राहिले. थांबले असते तर तिथेच कुणावर तरी ओरडले असते. काही आठवडे उलटले, तरी शांतपणे त्याच्याबद्दल लिहिता येईल असं वाटत नाही.

गिरणी संप आम्हा दोघांच्या जन्माआधीचा. माझ्या घरी तो पत्रकांतून आला, नितीनच्या फणसवाडीतल्या खोलीत वडिलांच्या गप्प बसण्यातून. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उठले आणि कामगारांचं बोलणं ऐकायला कुणी उरलं नाही, याची आम्हाला सारखीच चीड होती. मी ती लिहून काढायचे. तो सॉफ्टवेअरवाला. त्याने घरोघरी जाऊन म्हातारे कामगार रेकॉर्ड केले आणि कंप्युटरसाठी एक प्रोग्राम बनवला. पडद्यावर गिरणीचा नकाशा. एखाद्या खात्यावर क्लिक केलं की तिथला माणूस बोलू लागतो. इंटरनेट नको, घरातल्या जुन्या मशीनवरही चालावा.

पहिल्यांदा तो बसवला नायगावच्या बीडीडी चाळीत, शेवंताकाकींकडे. त्यांचे यजमान साचेखात्यात माग चालवायचे. रेकॉर्डिंगनंतर काही महिन्यांनी ते वारले. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. काकी रविवारी कायमच्या गावी निघणार होत्या, नातवाचा कंप्युटरही सोबत जाणार होता, आणि गावात तो बिघडला तर बघायला कुणी नव्हतं. नवऱ्याचा आवाज त्यावर वाजला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. नकाशा झकास उघडला. साचेखात्यावर क्लिक केलं... शांतता.

"जिता होता तेव्हा माझ्याशी धड बोलला नाय," काकी म्हणाल्या, "आता तुझा डबा पण बोलत नाय!"

नितीन हसला नाही. त्याच्या मशीनवर प्रोग्राम नेहमी स्वतःच्याच फोल्डरमधून सुरू व्हायचा, त्यामुळे आवाजाच्या फायली शेजारीच सापडायच्या. इथे डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून सुरू केल्यावर तो भलत्याच फोल्डरमध्ये त्या शोधत बसला. आपल्याला कुठे बसवलंय, हे प्रोग्रामला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग पत्ता कायमचा आत लिहून टाक ना," मी म्हटलं. "सी ड्राइव्ह, अमुक फोल्डर. पाच मिनिटांचं काम."

"आणि ज्याचा सी ड्राइव्ह भरलाय, त्याने ऐकायचं नाही?"

"अरे, रविवारी जातायत त्या!"

"पत्रकबाई, सगळ्यांनी आपण सांगू तिथेच राहायचं, हे तुझ्या कुठल्या पत्रकात छापलंय?"

मला त्याचा संताप आला होता. अजून येतो. घाई खरी होती, आणि त्याचं म्हणणंही खरं होतं. या दोन गोष्टींचं काय करायचं, ते आजही मला कळत नाही.

शनिवारी दुपारी तो नायगावला पोचला. चिन्हावर क्लिक केलं की आता आधी एक छोटा प्रोग्राम जागा व्हायचा. तो आपल्याला कुठे बसवलंय ते बघायचा आणि मुख्य प्रोग्राम सुरू करतानाच त्याच्या हाती त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. मग आवाज तिथूनच शोधले जायचे. नातवाचा सी ड्राइव्ह गेम्सनी खच्चून भरलेला होता. नितीनने प्रोग्राम डी ड्राइव्हवर बसवला, 'गणपती फोटो' नावाच्या फोल्डरात. क्लिक केलं, आणि काका बोलू लागले.

काकी पुढे सरकल्या. "एवढा हळू काय बोलतोय? गिरणीतनं आला की अख्खी चाळ उठवायचा!" काका थांबल्यावर म्हणाल्या, "परत लाव."

परवा मी फणसवाडीत गेले. सुरेखाने त्याच्या मशीनवर तेच रेकॉर्डिंग लावलं. काका बोलायच्या आधी त्यात नितीनचा आवाज येतो, "पंखा बंद करू का जरा? घरघर येतेय."

त्याची आई उठली आणि तिने खोलीतला पंखा बंद केला.

"रोज असंच करते," सुरेखा पुटपुटली.

काकांचं बोलणं संपलं. मानेवरून घाम ओघळत होता... पंखा पुन्हा लावायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.